वचनचिठ्ठी आणि तिची फेड : आर भाषेतील पदावली व पॅकेजची निगा

१

संख्याशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात आर ही संगणकभाषा शिकू लागलेला विद्यार्थी पहिल्याच दिवशी एक ओळ लिहितो. 'लायब्ररी' या फलनाच्या कंसात तो एखाद्या पॅकेजचे नाव घालतो आणि ते पॅकेज त्याच्या सेवेस हजर होते. नाव अवतरणचिन्हांत घालावे लागत नाही, याचे त्याला कौतुकच वाटते. पुढे काही दिवसांनी हाच विद्यार्थी पाच पॅकेजांची नावे एका यादीत ठेवतो, त्यांतील एकेक नाव 'प' या चलात घेतो आणि तेच फलन 'प' वर चालवू पाहतो. संगणक उत्तर देतो की, 'प' नावाचे पॅकेज उपलब्ध नाही. चलात काय ठेवले आहे हे फलनाने पाहिलेच नाही. त्याने चलाचे नाव तेवढे वाचले. विद्यार्थी हा आपला प्रमाद समजतो, शिक्षक एक जादा सूचना लिहावयास सांगतात, आणि प्रकरण तेथेच मिटते.

आमच्या मते ते तेथे मिटू नये. संगणकभाषा हीदेखील मनुष्याची रचना आहे. इतर रचनांप्रमाणे तिच्यातही गुणदोष असतात, व पुष्कळदा ते एकाच मुळातून फुटलेले असतात. त्यांची चिकित्सा करणे हे केवळ यंत्रज्ञाचे काम नव्हे. त्या भाषेत आपले निष्कर्ष काढणाऱ्या प्रत्येक अभ्यासकाचे ते काम आहे. प्रस्तुत लेखात आम्ही जे म्हणणार आहोत ते थोडक्यात असे : आर भाषा पदावलीची किंमत काढणे पुढे ढकलू देते, ही तिची मोठी मोलाची सोय होय. परंतु ही सोय उधारीची आहे. उचल यंत्रासमोर बसलेला वापरकर्ता करतो आणि फेड पॅकेजची निगा राखणारा करतो. या उधारीस शिस्त लावण्याचा उपाय भाषेच्या पोटातच होता. तो ओळखण्यास मात्र फार विलंब लागला.

२

आर भाषेचे मूळ अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७६ मध्ये आकारास येऊ लागलेल्या एस या भाषेत आहे. जॉन चेंबर्स व त्यांचे सहकारी यांची दृष्टी अशी होती की, संशोधकाने यंत्रासमोर बसावे, प्रश्न विचारावा, उत्तर पाहावे आणि त्या उत्तरातून सुचलेला पुढचा प्रश्न विचारावा. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन यांनी १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत आर भाषा रचली. १९९५ मध्ये ती मुक्त परवान्याखाली सर्वांस खुली झाली, १९९६ मध्ये तिच्यावरील त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला, आणि २९ फेब्रुवारी २००० रोजी तिची १.० ही आवृत्ती निघाली. या भाषेचे बाह्य रूप एसचे आहे. अंतरंगावर मात्र लिस्पच्या कुळातील स्कीम या भाषेचा ठसा आहे. लिस्पच्या परंपरेत प्रोग्राम हीच एक हाताळता येण्याजोगी वस्तू असते. हा वारसा आरनेही घेतला, आणि आपला विषय येथूनच सुरू होतो.

शाळेच्या गणितात 'पदावलीची किंमत काढा' असा प्रश्न असतो. पदावली निराळी आणि तिची किंमत निराळी, हे ज्ञान आपणांस तेथेच मिळते. बहुतेक संगणकभाषांत फलनाच्या हाती फक्त किंमत पडते. ती कोणत्या पदावलीतून निघाली याचा त्यास पत्ता नसतो. आरमध्ये तसे नाही. येथे फलनाच्या हाती प्रथम किंमत पडतच नाही. पडते ते 'प्रॉमिस'. त्यास आपण वचनचिठ्ठी म्हणू. या चिठ्ठीवर दोन गोष्टी नोंदविलेल्या असतात : पदावली जशी लिहिली तशी, आणि ती ज्या परिसरात लिहिली गेली तो परिसर. परिसर म्हणजे कोणत्या नावाचा काय अर्थ हे ठरविणारा कोश. फलनास किंमतीची प्रथम गरज लागते तेव्हा ही चिठ्ठी त्या परिसरात वटविली जाते. एकदा निघालेली किंमत चिठ्ठीवर लिहून ठेवली जाते, आणि पुन्हा हिशेब करावा लागत नाही.

एवढ्यावरच गोष्ट थांबली असती तर फारसे बिघडले नसते. परंतु आरमध्ये फलनास ही चिठ्ठी न वटविता नुसती वाचताही येते. 'सब्स्टिट्यूट' हे फलन तिच्यावरील पदावली उचलून देते, आणि 'इव्हॅल' हे फलन तीच पदावली दुसऱ्याच परिसरात वटविते. आलेख काढला असता अक्षांवर आपण टंकलेली पदावली आपोआप उमटते, ती या वाचनामुळे. 'सबसेट' या फलनास सारणी देऊन पुढे 'वय साठांहून अधिक' अशी अट नुसत्या स्तंभाच्या नावाने लिहिता येते, ती या परिसर-बदलामुळे. त्या वेळी सारणी हाच कोश होतो. संशोधकाचे बोलणे त्याच्या विचाराच्या इतके जवळ आणणारी सोय इतर भाषांत विरळा. तिचा गौरव केल्यावाचून तिच्यावर टीका करणे अन्यायाचे होईल.

३

तथापि कोणत्याही फलनास एक कसोटी लावता येते. तिला आम्ही मध्यस्थाची कसोटी म्हणतो. एखादी गोष्ट आपण फलनास स्वतः दिली काय, किंवा दुसऱ्या एका फलनाच्या हाती देऊन त्याच्यामार्फत पोचविली काय, अर्थ तोच राहतो का ? गणितात समानाच्या जागी समान ठेवता येते, आणि सारे बीजगणित या एका विश्वासावर उभे आहे. प्रोग्रामच्या रचनेतही तोच विश्वास लागतो. कारण पॅकेज म्हणजे दुसरे काही नसून मध्यस्थांची मालिका होय.

'सबसेट' या कसोटीस उतरत नाही. एखाद्याने स्वतःचे फलन लिहिले, त्यात सारणी व 'अट' अशा दोन गोष्टी घेतल्या आणि त्या तशाच 'सबसेट'कडे पोचविल्या, तर 'सबसेट' चिठ्ठीवर काय वाचते ? तेथे आता 'वय साठांहून अधिक' असे लिहिलेले नसते. तेथे 'अट' हा एकच शब्द असतो. तो सारणीत सापडत नाही, म्हणून मध्यस्थाच्या परिसरात शोधला जातो. तेथे मूळची चिठ्ठी सापडते व ती मूळच्या परिसरात, म्हणजे सारणीच्या बाहेर, वटविली जाते. 'वय' तेथे नसेल तर चुकीचा इशारा मिळतो. त्या नावाचा दुसराच एखादा चल तेथे पडलेला असेल तर इशाराही मिळत नाही. भाषेच्या कर्त्यांनी हे लपविलेले नाही. हे फलन यंत्रासमोर बसून करावयाच्या कामासाठी आहे, प्रोग्राम लिहिताना कंसांनी निवड करण्याची नेहमीची रीत वापरावी, असे 'सबसेट'च्या अधिकृत माहितीपत्रातच म्हटले आहे. पण ज्या ओळीवर काल प्रयोग केला तीच ओळ आज फलनात आणि उद्या पॅकेजात जाते. प्रयोग व प्रोग्राम यांमधील ही सीमा कागदावर स्पष्ट असली तरी व्यवहारात ती कोणी ओलांडली हे ओलांडणाऱ्यासही कळत नाही.

याहून बोधप्रद उदाहरण 'एलएम' या रेषीय रिग्रेशनच्या फलनाचे आहे. अशी कल्पना करावी की, एका अभ्यासकाने एक मध्यस्थ फलन लिहिले. त्यास बाहेरून तीन गोष्टी मिळतात : सूत्र, सारणी आणि निरीक्षणांच्या भारांची यादी. भारांचे नाव त्याने 'भ' ठेवले, आणि तिन्ही गोष्टी 'एलएम'कडे पोचविल्या. 'एलएम' हे फलन भारांची चिठ्ठी वाचते. तीवर 'भ' असते. 'भ' प्रथम सारणीत शोधला जातो. तेथे नसल्यास सूत्र ज्या परिसरात लिहिले गेले त्या परिसरात शोधला जातो. सूत्र तर मध्यस्थाच्या बाहेर लिहिले गेले होते. म्हणून मध्यस्थाच्या हातात असलेला 'भ' दिसतच नाही. बाहेर 'भ' नावाचे काही नसले तर काम थांबते, व ते भाग्यच समजावे. परंतु सकाळच्या कामातून उरलेला, तितक्याच लांबीचा दुसरा एखादा 'भ' बाहेर असला, तर रिग्रेशन त्या परक्या भारांवर होते. गुणक छापले जातात, त्यांच्या प्रमाण त्रुटी छापल्या जातात, आणि कोठेही शंकेस जागा राहत नाही. चिठ्ठी एकाची, ती वटली दुसऱ्याच्या खात्यावर. आणि पावती मात्र अगदी व्यवस्थित!

येथे प्रश्न सोयीचा राहत नाही, सत्याचा होतो. जी चूक काम थांबविते ती प्रामाणिक चूक होय. जी चूक उत्तर देऊन मोकळी होते ती प्रबंधात जाते, तेथून निबंधात, आणि निबंधातून दुसऱ्याच्या प्रबंधात.

४

याच उदाहरणात एक गोष्ट मात्र मध्यस्थाच्या कसोटीस उतरली, ती म्हणजे सूत्र. सूत्राने मांडणी करण्याची पद्धत १९७३ मध्ये विल्किन्सन व रॉजर्स यांनी मांडली. चेंबर्स व हेस्टी यांनी संपादिलेल्या १९९२ च्या ग्रंथाने ती एस भाषेत रूढ केली, आणि आरमध्ये तिला एक महत्त्वाची जोड मिळाली : सूत्र जेथे लिहिले जाते तेथील परिसर ते स्वतःबरोबर वागविते. ते कितीही हातांतून गेले तरी आपला कोश विसरत नाही. म्हणजे एकाच फलनास दिलेल्या दोन गोष्टींपैकी सूत्र आपले घर ओळखते, आणि भारांची पदावली दुसऱ्याच्या घरी जाऊन आपले नाव शोधते.

यावरून दोष पदावली पकडण्यात नाही, हे स्पष्ट होते. दोष आहे तो पदावली पकडून तिचा परिसर टाकून देण्यात. चिठ्ठीवर दोन गोष्टी होत्या. फलनाने त्यांतील एक वाचली आणि दुसरीकडे दुर्लक्ष केले. हा बोध सूत्राच्या रूपाने डोळ्यांसमोर असता तो सर्वत्र लागू करण्यास किती काळ गेला हे डीप्लायर या लोकप्रिय पॅकेजच्या इतिहासावरून दिसते. हॅडली विकम व त्यांचे सहकारी यांचे हे पॅकेज जानेवारी २०१४ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले. स्तंभांची नुसती नावे लिहून सारणीवर काम करण्याची त्याची रीत विद्यार्थ्यांस अत्यंत प्रिय झाली. पण आपल्या फलनातून त्याची फलने वापरू पाहणारा लेखक त्याच जुन्या अडचणीत सापडे. त्याच वर्षी त्याच्यासाठी प्रत्येक फलनाचे, नावाच्या शेवटी अधोरेषा असलेले एक जुळे भावंड देण्यात आले. जून २०१७ मधील ०.७.० या आवृत्तीने ही भावंडे कालबाह्य ठरविली आणि नवी पद्धत आणली. तिच्यात पदावली व परिसर यांची जोडी एकत्र बांधून पुढे दिली जाते. या जोडीची कल्पना सूत्रावरूनच घेतलेली आहे. पुढे २०१९ मध्ये आरलँग या पॅकेजच्या ०.४.० या आवृत्तीने हीच गोष्ट दुहेरी महिरपी कंसांनी लिहिण्याची सुटसुटीत रीत दिली.

आजची रीत पहिल्या रीतीहून निःसंशय चांगली आहे. ती मध्यस्थाच्या कसोटीस उतरते. जुन्या रीती एका दिवसात बंद केल्या नाहीत, हेही श्रेय त्या मंडळींस दिले पाहिजे. पण सुमारे पाच वर्षांत तीन रीती झाल्या. सारणीसमोर बसून काम करणाऱ्या विद्यार्थ्यास यातील काहीच जाणवले नाही. त्याची ओळ २०१४ मध्ये जशी होती तशीच २०१९ मध्ये राहिली. जाणवले ते डीप्लायरवर आपले पॅकेज उभारणाऱ्यास. त्यानेच आपला मजकूर फिरफिरून लिहिला.

५

आता हा निगा राखणारा कोण, हे पाहू. आर भाषेची पॅकेजे क्रॅन या भांडारात ठेवली जातात. हे भांडार १९९७ मध्ये व्हिएन्ना येथे कुर्ट हॉर्निक व फ्रिट्झ लाइश यांनी सुरू केले. २०१७ च्या जानेवारीत तेथील पॅकेजांची संख्या १०,००० च्या वर गेली. आज ती २०,००० हून अधिक आहे. प्रत्येक पॅकेजच्या वर्णनपत्रात निगा राखणारी म्हणून एकाच व्यक्तीचे नाव व चालू पत्ता द्यावा लागतो. भांडाराची तपासणी सतत चालू असते. तीत दोष निघाला आणि दिलेल्या मुदतीत तो दूर झाला नाही, तर पॅकेज अभिलेखागारात जाते. त्याचा मजकूर तेथे राहतो, पण नेहमीच्या रीतीने ते बसविता येत नाही, आणि त्यावर अवलंबून असलेली पॅकेजेही संकटात येतात. आपल्या बदलामुळे दुसऱ्याचे पॅकेज मोडणार असेल तर त्याच्या पालकास किमान दोन आठवडे आधी कळवावे, असाही दंडक आहे. हे पालक बहुधा विद्यापीठांतील अध्यापक किंवा संशोधक असतात, आणि हे काम ते आपल्या वेळात करतात.

या तपासणीत पुन्हा आपल्या चिठ्ठीशी गाठ पडते. तपासणारे साधन पॅकेजचा मजकूर न चालविता वाचते, आणि ज्या नावास कोठेच व्याख्या नाही ते दाखवून देते. टंकलेखनातील चुका शोधण्यासाठी हे उत्तम. पण पॅकेजच्या आत 'सबसेट'च्या रीतीने 'वय' असे लिहिले असेल, तर हा सारणीचा स्तंभ आहे हे त्या साधनास कसे कळावे ? ते शेरा मारते की 'वय' या नावाची व्याख्या दिसत नाही. अशा शेऱ्यांवर तोडगा म्हणून २०१२ च्या २.१५.१ या आवृत्तीत 'ग्लोबलव्हेरिएबल्स' हे फलन आले. त्यात नावांची यादी दिली की शेरे थांबतात. पण ही यादी सबंध पॅकेजला लागू होते. म्हणून त्या नावाची खरी चूक दुसऱ्या कोठल्या फलनात झाली तरी तपासनीस तेथेही गप्प राहतो. एका ओळीत स्तंभाचे नाव अवतरणचिन्हांवाचून लिहिण्याची सोय मिळावी म्हणून आपण पहारेकऱ्यास डोळे मिटावयास सांगितले, असा याचा अर्थ होतो.

याच्या उलट एक उदाहरण देणे न्यायाचे होईल. 'इफ'च्या अटीची किंमत एकाहून अधिक घटकांची निघाली तर आर भाषा अनेक वर्षे केवळ इशारा देऊन पहिला घटक घेई. एप्रिल २०२० च्या ४.०.० या आवृत्तीपासून मॅट्रिक्सचा वर्ग दोन नावांचा झाला, आणि वर्गाची तुलना बरोबरीच्या चिन्हाने करणाऱ्या अटींतून दोन उत्तरे निघू लागली. एप्रिल २०२२ च्या ४.२.० मध्ये अशी अट ही चूक ठरली, आणि २०२३ च्या ४.३.० मध्ये 'आणि', 'किंवा' यांच्या दुहेरी चिन्हांनाही तोच नियम लागला. पॅकेजांच्या पालकांस येथेही कष्ट पडले. परंतु ते कष्ट एकदाचे होते आणि त्यांनी एक मूक चूक बोलकी केली. निगा राखणाऱ्यास श्रम पडावेत की नाही हा प्रश्न नाही, ते पडणारच. त्या श्रमांनी उत्तर अधिक विश्वासार्ह होते, की केवळ दुसऱ्याची सोय टिकते, हा खरा प्रश्न आहे.

६

आमच्या म्हणण्यावर दोन आक्षेप येऊ शकतात. पहिला असा की, किंमत पुढे ढकलल्याने अनावश्यक हिशेब वाचतो. हा युक्तिवाद कागदावर बरोबर आहे. पण अविरल गोयल व यान व्हिटेक यांनी २०१९ मध्ये १६,७०७ पॅकेजे तपासून जो अभ्यास प्रसिद्ध केला त्यात, लेखक हिशेब वाचविण्यासाठी या गुणधर्माचा उपयोग करतात असे मानावयास फारसा पुरावा मिळाला नाही. बहुतेक मजकूर या गुणधर्मावर विसंबून न राहता, पुष्कळदा त्याची जाणीवही नसता, लिहिलेला आढळला. लक्षणीय अपवाद होता तो पदावली पकडणाऱ्या थोड्या पॅकेजांचा. म्हणजे वचनचिठ्ठीचे खरे समर्थन काटकसर हे नसून वाचन हे आहे. मग त्या वाचनास नियम असणे अधिकच अवश्य ठरते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ही सोय नसती तर आर ही आर राहिली नसती, आणि संख्याशास्त्र शिकणाऱ्या हजारोंनी या भाषेकडे पाहिलेही नसते. हे आम्हांस मान्य आहे. म्हणूनच आम्ही ही सोय काढून टाका असे म्हणत नाही. ती कोठे वापरावी एवढेच म्हणतो. संवाद करणाऱ्याने उधार घ्यावे, पण पॅकेज लिहिणाऱ्याने रोखीने व्यवहार करावा. आपल्या फलनाच्या आत निवड करावयाची तर कंसांनी करावी आणि स्तंभाचे नाव अवतरणचिन्हांत द्यावे. पदावली पकडणे अपरिहार्य असेल तर तिच्यासह तिचा परिसरही पुढे द्यावा, जसे सूत्र देते. आणि चिठ्ठी वाचणारे प्रत्येक फलन लिहिताना शेजारी साधी किंमत घेणारे भावंड ठेवावे. 'लायब्ररी'स 'प' कळत नाही. पण 'लोडनेमस्पेस'ला कळतो, कारण ते चिठ्ठी न वाचता किंमत घेते. पहिल्या दिवशीच्या त्या विद्यार्थ्यास शिक्षकाने जादा सूचना सांगून परत पाठविण्याऐवजी हा फरक सांगितला असता, तर त्याचे पुढचे पुष्कळ श्रम वाचले असते.

आपल्या विभागांतून दरवर्षी जे पदव्युत्तर प्रकल्प होतात त्यांच्याबरोबर आता प्रोग्रामही सादर होतात. निष्कर्ष आपण बारकाईने तपासतो. ते ज्या ओळींतून निघाले त्या ओळी मात्र क्वचितच वाचतो. त्या वाचाव्यात, आणि वाचताना प्रत्येक नावापाशी थांबून हे नाव कोणत्या कोशातून अर्थ घेते, असे विचारावे. ज्या नावाचे उत्तर मजकुरातच मिळत नाही, त्या नावावर आधारलेली संख्या कितीही दशांश स्थळांपर्यंत छापलेली असली तरी ती अजून सिद्ध झालेली नाही.